४१ गेले, ७ परतले नाहीत: चावडीवरच्या शिळेच्या कामाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

शिळेची पाहणी झाली. चावडीच्या पूर्वेकडच्या भिंतीत, जमिनीपासून साडेचार फुटांवर बसवलेली आहे. पांढरा संगमरवर, रुंदी ६१ सेंमी, उंची ४६ सेंमी. चारी बाजूंनी अलीकडे मारलेला सिमेंटचा पट्टा. दगडावर ऑइलपेंटचे निदान दोन हात आणि त्यावर चुन्याची सफेदी. मजकूर इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ असा: या गावातून ४१ माणसं १९१४–१९१९च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी १ जणाने प्राण दिले.

नाव एकाचंही नाही. सातारा, रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या (आजच्या रायगडातल्या) कितीतरी गावांत अशाच शिळा आहेत. साचा एक, बदलतात ते फक्त आकडे.

कामाचे भाग दोन: शिळा जपणं आणि आकड्यामागची नावं शोधणं. दुसऱ्याला वेळ जास्त लागणार, म्हणून दोन्ही एकदमच सुरू करायचे.

१४ डिसेंबर २०२४

रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, प्रकाश दगडावरून आडवा सोडून फोटो काढले. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार संच. फ्लॅश बंद, मोबाइल तिपाईवर. समोरून उजेड टाकला तर खाचा सपाट दिसतात. आडव्या उजेडात खाचेची एक कड सावलीत जाते आणि अक्षर उठून येतं.

यात एक गोष्ट सापडली. मृतांचा इंग्रजी आकडा १ नव्हे, ७ आहे. अक्षरांच्या खाचांत शिसं भरलेलं आहे. त्या आकड्याच्या आडव्या रेघेतलं शिसं कधीतरी गळून पडलं, कुणीतरी तिथं पुट्टी भरली, आणि पुढच्या रंगाऱ्याने दिसली तेवढीच उभी रेघ काळी केली. आडव्या रेघेच्या जागी शिसं धरून ठेवण्यासाठी पाडलेली दोन बारीक भोकं फोटोत स्पष्ट दिसतात.

रंगाऱ्याच्या एका फटकाऱ्यात सहा माणसं गेली होती. शिळेवरचा मजकूर वहीत उतरवून घेताना रंगावर विसंबू नये, खाचेवर विसंबावं.

२२ डिसेंबर २०२४

शोधाला हात घालण्याआधी पुराव्याची प्रतवारी ठरवून घेतली. नंतर ठरवायला गेलं तर प्रत्येक घराचा आग्रह आड येतो.

प्रत अ: नाव, वडिलांचं नाव, गाव आणि पलटण यांपैकी तीन गोष्टी दोन वेगळ्या कागदांत जुळतात. प्रत ब: दोनच जुळतात, किंवा कागद एकच आहे. प्रत क: फक्त तोंडी माहिती. दगडावर फक्त 'अ' जाईल. 'ब' आणि 'क' वहीत राहतील, पण खोडले जाणार नाहीत.

तक्त्याचे रकाने: कागदात जसं आहे तसं नाव, आज बोलतात तसं नाव, वडील, वाडी, शिपाई क्रमांक, हुद्दा, तेव्हाची पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक, पुरावा, प्रत. पहिले दोन रकाने कधीही एक करायचे नाहीत. कागदातलं नाव 'दुरुस्त' करून ठेवलं की पुढच्या माणसाला तो कागद पुन्हा सापडत नाही.

५ जानेवारी २०२५

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (पुढे नुसता 'आयोग') संकेतस्थळावर दिवसभर शोध. ही संस्था १९१७ची. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी तिच्याकडे आहे आणि ती फुकट पाहता येते. जमलेली पद्धत अशी:

आधी नावाने शोधू नये. सैन्य 'भारतीय' निवडावं, युद्ध 'पहिलं' निवडावं आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात गावाचं नाव टाकावं. हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, सातारा' असा मजकूर असतो, आणि शोधाला तोच सर्वांत पक्का धागा. हाती काही आलं नाही तर गावाची इंग्रजी अक्षरं बदलून पाहावीत: शेवटचा 'ए' काढून 'आय' किंवा 'ए-एच', 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', 'एस-एच'च्या जागी नुसता 'एस'. आमच्या गावाची सहा रूपं सापडली.

नावाने शोधायचंच झालं तर लक्षात ठेवावं की पूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्या रकान्यात सलग घातलेलं असतं. 'पवार' एवढंच टाकलं तर 'गणू पवार' निसटू शकतो. शिवाय कारकुनाने कानाने ऐकलं ते लिहिलं. पवारचे पोवार आणि पुआर झालेत, जाधवचे जादो, चव्हाणचे चौहान, शिंदेचे सिंदे. काही नोंदींत आडनावच नाही, नुसतं 'रामा, बाळूचा मुलगा'. महार शिपायांच्या जुन्या नावांत 'नाक' हा प्रत्यय येतो. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही तो दिसतो. अशा घरांत आज वेगळंच आडनाव चालतं, म्हणून तिथं वडिलांच्या नावावरूनच जावं लागतं.

दिवसअखेर हाती आलेल्या नोंदी: १२.

१२ जानेवारी २०२५

बाराची छाननी. ४ नोंदी याच नावाच्या पण दुसऱ्या तालुक्यातल्या गावच्या निघाल्या, त्या बाजूला काढल्या. राहिल्या ८.

आठांपैकी एकाचा मृत्यू १९२०चा. शिळेवर १९१४–१९१९ लिहिलं आहे, पण आयोग पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतो. इराकमधलं १९२०चं बंड त्यात येतं. म्हणजे तो शिळेच्या हिशेबात बहुधा नाही. मग उरले बरोबर ७.

इथं थांबून विचार केला. आकडा जुळला म्हणून माणसं जुळली असं नाही. या सातांतला एक जण ज्या वाडीचा आहे ती वाडी तेव्हा औंध संस्थानात होती. शिळा इंग्रजी मुलखातल्या गावाची. तिचा हिशेब करणाऱ्याने संस्थानी वाडी धरली होती का, हे शिळा सांगत नाही. हे लोढणं सगळ्या जुन्या सातारा जिल्ह्याला आहे: औंध आणि फलटण ही संस्थानं १९४८ला विलीन झाली, १९४९ला दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. आज सांगलीत असलेलं गाव कागदात साताऱ्यात सापडतं. कोकणातही तसंच, आजच्या सिंधुदुर्गातली गावं रत्नागिरीखाली शोधावी लागतात.

तेव्हा 'सात मिळाले' असं ग्रामपंचायतीला अजून सांगायचं नाही.

१९ जानेवारी २०२५

पलटणींचे जुने-नवे क्रमांक भिंतीवर लावून ठेवले. घरातला कागद, पदक आणि आयोगाची नोंद यांत एकाच पलटणीची तीन नावं येतात आणि तिथंच बहुतेकांचा घोटाळा होतो.

१९२२ला मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या, ती पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. १०३ क्रमांकाची पलटण झाली १/५ (पाचव्या रेजिमेंटची पहिली), म्हणजे जंगी पलटण. १०५ची २/५, म्हणजे काळी पाचवी. ११०ची ३/५, ११६ची ४/५, ११७ची ५/५ आणि ११४ची १०/५, म्हणजे प्रशिक्षणाची पलटण. १११ महार १९१७ला उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ची, तिचा कागद हिच्याशी जोडू नये. ११७ला 'रॉयल' ही पदवी युद्धानंतरची. एखाद्या घरात १९१६च्या मृत्यूबरोबर 'रॉयल मराठा' सांगितलं गेलं तर ते चुकीचं नाही, पण नंतरच्या काळातलं आहे एवढं वहीत लिहावं.

आठांतले पाच १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणींतले. तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या: नोव्हेंबर १९१५ला टेसिफोनची लढाई, मग माघार, डिसेंबरपासून कुत-अल-अमाराचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती. घरोघरी याची आठवण 'बसऱ्याला गेला' एवढ्या दोन शब्दांत उरली आहे.

२ फेब्रुवारी २०२५

मृत्यूच्या तारखांबद्दल. दोन नोंदींत नेमका दिवस नाही, दोन तारखांमधला काळ आहे. कुतला पकडलेली माणसं वाळवंटातून पायी नेली गेली, छावण्यांत मेली, आणि रोजची गणती कुणी ठेवली नाही. अशा वेळी दोन्ही तारखा लिहायच्या. मधली एक निवडून 'पुण्यतिथी' बनवायची नाही.

'धारातीर्थी पडले' हा शब्दही सरसकट वापरणार नाही. मेसापोटेमियात आजाराने गेलेले ढिगाने आहेत. वेढ्यात हिंदी शिपायांमध्ये ताज्या भाजीपाल्याअभावी स्कर्व्ही पसरला होता, बाहेर कॉलरा आणि हगवण. आयोगाच्या नोंदीत मृत्यूचं कारण बहुधा नसतं. वहीत शब्द ठरला: 'युद्धकाळात मृत्यू'. तो रुक्ष आहे खरा, पण खोटा नाही.

स्मारकाच्या रकान्यात सहा जणांपुढे 'बसरा मेमोरियल' आलं. हे १९२९चं, ४० हजारांहून जास्त मृतांचं स्मारक. ते १९९७ला मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेलं गेलं. तिथं गोऱ्यांची नावं कोरली आहेत, हिंदी अंमलदारांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. नावं कागदी यादीत होती, म्हणून आज संगणकावर मिळतात. हुद्दा न पाहता सर्वांना सारखा मान हे ज्या संस्थेचं मूळ तत्त्व, तिचंच हे काम. आपल्या चावडीवर आकडा, बसऱ्यातही आकडा.

१६ फेब्रुवारी २०२५

घरोघरची पदकं पाहण्याचा पहिला दिवस. ९ घरं, १४ पदकं.

आधी निरोप धाडला होता की पदकं घासू नका. तरी दोन घरांत चिंच-राख लावून चकाचक करून ठेवलेली. पदकाच्या कडेवर शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते; दर दिवाळीला घासलं की पन्नास वर्षांत ती ओळ पुसते. काळपटपणा धातूचं काही बिघडवत नाही. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपायची, बस.

कड वाचण्याची रीत: पदक काळ्या कापडावर उभं धरायचं, एका बाजूने उजेड, १० पट भिंग, आणि हळूहळू फिरवत मोबाइलवर व्हिडिओ. एकेक फोटो घेण्यापेक्षा व्हिडिओतून अक्षर लवकर लागतं.

ओळख: घोडेस्वार असलेलं, ३६ मिमीचं गोल पदक ते ब्रिटिश वॉर मेडल, शिपायांना चांदीचं, बिगारी-भिस्ती वगैरे अनुयायांना काशाचं. पंख असलेली देवी आणि इंद्रधनुष्यी फीत ते व्हिक्टरी मेडल, काशाचं. चांदणीच्या आकाराचं १९१४–१५चं; त्याला कड नाही, नाव पाठीवर असतं. चांदीचं पदक सर्वांत कमी घरांत उरतं, कारण ते सोनाराकडे जातं. एकाला माळेत ओवण्यासाठी कडी डाखवली आहे आणि डाख नेमका क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवर आला आहे. डाख काढायचा प्रयत्न करायचा नाही. उरलेले आकडे आणि नाव पुरेसे आहेत.

पदक सापडलं म्हणजे माणूस मेला असं नव्हे. पदकं परतलेल्यांनाही मिळाली, आणि ४१ची यादी भरायला हाच मुख्य पुरावा आहे. आज त्यातली ११ नावं लागली.

२३ फेब्रुवारी २०२५

वरच्या आळीतल्या एका घरात देव्हाऱ्यामागे काशाची तबकडी निघाली. व्यास १२ सेंमी, ब्रिटानिया आणि सिंह, कडेने इंग्रजीत अर्थ असा की स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने प्राण दिले. ही फक्त मृतांच्या वारसांना मिळत असे. (हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याच्या घरी 'स्वातंत्र्य' हा शब्द १९२०च्या सुमारास कसा वाचला गेला असेल!)

अडचण अशी की तबकडीवर फक्त नाव कोरतात. हुद्दा, क्रमांक, पलटण काही नाही. हे मुद्दाम होतं, सगळे सारखे म्हणून. हुद्दा आणि पलटण सोबतच्या सनदेवर असायची आणि ती सनद आता नाही. हे नाव आमच्या आठांत नाही. म्हणजे नववा.

सातांचा जमलेला हिशेब इथं मोडला. जानेवारीत जाहीर केला नाही ते बरं झालं.

९ मार्च २०२५

नवव्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९१६ ते १९२४चे फेरफार आणि गाव नमुना १४च्या नकला मागितल्या. नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. परमुलखात मेलेला शिपाई त्यात सहसा नसतो, पण जन्म आणि बापाचं नाव मिळतं. मृत्यूचा मागमूस लागतो तो फेरफारात, वारस लागताना.

फेरफारातली तारीख मृत्यूची समजू नये. बातमी गावात यायला महिने, वारस लागायला दोन-तीन वर्षं. कागद मोडीत आहे. मोडी वाचणाऱ्याला पूर्ण पान द्यावं. नावापुरता तुकडा कापून पाठवला तर हाताचं वळण कळत नाही आणि सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत फसगत होते.

लाहोर संग्रहालयात सापडलेली, पंजाबच्या ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार रजिस्टरं २०२१पासून संगणकावर आली. आपल्याकडे गावागावातून अशीच जुळवाजुळव करावी लागते.

२३ मार्च २०२५

शिळेची सफाई. उन्हाळ्याआधी उरकायची होती, कारण तापलेल्या दगडावर पाणी टिकत नाही आणि डाग पडतात.

सामान: शुद्ध पाणी २० लिटर, फवारणीची बाटली, मऊ नायलॉन ब्रश ३, बांबूच्या कामट्या, कापूस अर्धा किलो, बेंझिल अल्कोहोल असलेलं रंग काढायचं जेल १ लिटर, प्लॅस्टिकची फिल्म, हातमोजे, चष्मा.

आधी खालच्या कोपऱ्यात ५ × ५ सेंमीवर चाचणी, दुसऱ्या दिवशी पाहणी, मगच पुढे. दगड नेहमी खालून वर भिजवायचा. वरून ओघळ सोडला तर कोरड्या दगडावर त्याच्या रेघा बसतात. सफेदी पाण्याने फुगली आणि कामटीने निघाली. ऑइलपेंटवर जेलचा २ मिमी थर, वर फिल्म, २५ मिनिटं. मग कापसाच्या बोळ्याने गोल फिरवून उचलायचं, चोळायचं नाही. दोनदा करावं लागलं. खाचांतल्या शिशाला कामटीशिवाय काही लावलं नाही.

फरशी साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर ठाम नकार द्यावा. संगमरवर म्हणजे चुनखडीच. ॲसिडने तो फसफसतो, चमक जाते, अक्षरांच्या कडा गोल होतात. तारेचा ब्रश आणि सँडपेपरही नको. शेवटी दगड बर्फासारखा पांढरा झाला नाही. व्हायला नकोच होता.

३० मार्च २०२५

सिमेंटचा पट्टा छिन्नीने हलक्या हाताने काढला, हातोडी २०० ग्रॅमची. उजवीकडे १० सेंमी तसाच ठेवला. तिथं सिमेंट दगडाला इतकं चिकटलं आहे की ओढलं तर कोपरा सुटेल. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मग ती संगमरवरातून वाट काढते आणि तोंडावर लोणा, म्हणजे क्षार फुटतो. नवे सांधे चुन्याने भरले: मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली बारीक वाळू ३ भाग. ओलं गोणपाट सात दिवस.

१ मे २०२५

ग्रामसभेत ठराव झाला. जुन्या शिळेला हात लावायचा नाही, नावं शेजारी वेगळ्या दगडावर. 'शहीद' लिहा, असा आग्रह झाला. शिळेचा मूळ अर्थ 'प्राण दिले' असा आहे, तोच शब्द घेतला. क्रम अकारविल्हे, हुद्दा नावाइतक्याच अक्षरात, भावकीप्रमाणे गट नाहीत.

१५ जून २०२५

कागदपत्रांची स्कॅनिंग संपत आली: ६३ कागद, २२ फोटो. फोटो ६०० डीपीआय, कागद ३००, टिफमध्ये; दोन्ही बाजू, कारण पाठीवरच शिक्का असतो. लॅमिनेट केलेले चार कागद तसेच स्कॅन केले. लॅमिनेशन सोडवायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते. काचेला चिकटलेला फोटो चौकटीतच ठेवून, तिरक्या कोनातून सावलीत टिपला.

दुसऱ्या महायुद्धाचेही कागद आले आहेत. ती वही वेगळी ठेवली. तिथं आयोगाचा काळ ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. दहन झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना कबर नसते. त्यांचं नाव दहन-स्मारकावर किंवा मोठ्या स्मारकाच्या यादीत मिळतं. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत पडले, त्यांचं नावही कबरीवर नसून कॅसिनोच्या स्मारकावर आहे. दुसऱ्या युद्धातून परतलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली मानधनाची यादी पाहावी. १९४७नंतरच्यांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक. तिथं प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र ग्रॅनाइटची वीट आहे.

२० जुलै २०२५

नवव्याचा उलगडा अर्धा झाला. १९१९च्या फेरफारात त्याच्या बापाच्या जमिनीला धाकटा मुलगा एकटा लागला, थोरल्यापुढे 'लढाईत मयत' असा शेरा. बापाच्या नावावरून आयोगाची यादी पुन्हा चाळली. एक नोंद मिळाली: नाव जुळतं, बाप जुळतो, पलटण ११४, पण गावाच्या जागी फक्त तालुका आहे. म्हणून गावाचं नाव टाकून ती जानेवारीत आली नव्हती. तबकडी, फेरफार आणि नोंद असे तीन कागद झाले, पण पलटण एकाच कागदात आहे. नाव आणि बाप मात्र दोन-दोन कागदांत मिळतात, आणि फेरफारातल्या गावाशी नोंदीतला तालुका जुळतो, तो गावाच्या जागी धरला, म्हणून प्रत अ.

त्याच निकषाने आठांतले दोन 'ब'वर आले. दगडावर जाणारी नावं: ७. हा सात शिळेवरचा सात नव्हे, कारण यात १९२०चा शिपाई आहे. दोन्ही सातांखाली तसं लिहायचं.

१७ ऑगस्ट २०२५

नवा दगड: काळा ग्रॅनाइट, ७५ × ५० सेंमी, जाडी ३० मिमी. अक्षराची उंची २५ मिमी, रेघेची जाडी २ मिमीच्या खाली नाही. त्याहून बारीक शिरोरेघ कोरताना तुटते. खाली पाच ओळी मोकळ्या.

कोरणाऱ्याच्या संगणकावर युनिकोड नाही, जुना फाँट आहे. आपला मजकूर तिथं उघडल्यावर 'द्ध'चा 'ध्द' झाला, 'ऱ्या'तला अर्धा 'र' उडाला. उपाय: मजकूर पाठवायचाच नाही, अक्षरांच्या बाह्यरेषा केलेली पीडीएफ पाठवायची. त्यावरून पूर्ण मापाचा कागदी नमुना छापून चावडीवर पंधरा दिवस लावला. घरच्यांनी दोन चुका काढल्या: एक ऱ्हस्व-दीर्घाची, एक वडिलांच्या नावाची. दगडावर त्या दुरुस्त झाल्या नसत्या.

१४ सप्टेंबर २०२५

दगड बसवला. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या चार खुंट्या, १० मिमी, भिंतीत ८० मिमी खोल. साध्या लोखंडाची खुंटी गंजून फुगते आणि दगड कोपऱ्यातून उकलतो. मागे ५ मिमी मोकळी जागा सोडली.

५ ऑक्टोबर २०२५

आयोगाला दोन दुरुस्त्या कळवल्या: ११४मधल्या शिपायाच्या नोंदीत गावाचं नाव, आणि एका ठिकाणी वडिलांच्या नावातलं अक्षर. सोबत फेरफाराची नक्कल, मोडीचं लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर आणि तबकडीचे दोन्ही बाजूंचे फोटो.

४१पैकी नावं लागली ती २६. बाकीच्या १५साठी औंधकडच्या वाडीतली सहा घरं पाहायची राहिली आहेत, सुगीनंतर.